आक्का, वाळू तापली आहे

आक्का, आज माझी वेणी सुशीनं घातली. लेक तुमची, हातही तुमचाच, पण केस असे ओढले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, दुखलं व्हय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "न्हाई गं." तुम्ही असतात तर मानेवर एक टपली मारून म्हणाला असतात, "दुखतंय तर दुखतंय म्हण की! सोसलंस म्हणून दरबारातनं फेटा मिळणार हाय?"

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. माणसं येतात, सोप्यात बसतात, तुमच्याविषयी गोड गोड बोलतात. कुणी म्हणतं गाय होती, कुणी म्हणतं माउली होती. मला हसू येतं आणि रागही येतो. कसली गाय! अख्ख्या पेठेत तुमच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बस्तीतल्या, आपल्या जैन देवळातल्या, पूजेला तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलात तर बायका तुमची जागा मोकळी ठेवायच्या, भक्तीनं नव्हे, भीतीनं. आणि तुमच्या तोंडाला लागणारी एकटी मी, तुमची धाकटी जाऊ, माझ्या तरी नाकावर कुठं माशी बसायची? एका म्यानात दोन तलवारी कोंबून आपले सासूसासरे देवाघरी गेले, आणि नवरे बिचारे म्यान सांभाळत बसले.

मळ्यात गुऱ्हाळ लागलंय, आक्का. हवेत गारठा आला की माझं कोपर कुरकुरायला लागतं, ते यंदाही लागलं. म्हणून दुपारी मळ्यात गेले. काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या, चुलवाणाच्या, भिंतीला तुमची ती काळी लोखंडी पाटी टांगलेली होती, ती काढली. नदीची वाळू चाळून तिच्यात घातली, चुलवाणाच्या तोंडाशी निखाऱ्यावर तापवली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली. सगळं तुम्ही करायचात तसंच केलं आणि तिथंच अडले. पोटली डाव्या हातानं उजव्या कोपराला लावता येते, त्याला माणूस लागत नाही. पण "भाजतंय का गं?" असं विचारणारं कुणी नव्हतं. मी पोटली मांडीवर घेऊन बसून राहिले. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या मळी काढत होता, बैल घाण्याभोवती फिरत होते. माझ्या मांडीवर वाळू गार होत गेली आणि मला तुमची फार आठवण आली.

या शेकाची गोष्ट तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. आणि सांगताना दरवेळी स्वतःच्या सोयीनं वळवायचात. आता मध्येच "खोटं बोलतीया ही" म्हणायला तुम्ही नाही, तर एकदा मला सांगू द्या.

सुरुवात भांडणानं झाली. सुशी तेव्हा लहान होती, परकराचा ओचा धरून मागं मागं फिरणारी. महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळा निघाल्या होत्या आणि मी माहेरी चार बुकं शिकून आले होते. मी म्हटलं, पोरीला शाळेत घाला. तुम्ही भाकरी थापत होतात. म्हणालात, "शिकून काय तिला दिवाणगिरी करायची हाय?" मी म्हटलं, "मग बसू दे तुमच्यावानी अंगठा उठवत!" हे मी बोलायला नको होतं हे मला बोलतानाच कळलं होतं, पण तोंडातून गेलेलं परत गिळता येत नाही. तुम्ही परातीतला हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पोटाला पोर न्हाई, तिनं दुसऱ्याच्या पोराची उठाठेव करू ने."

मी पळी खाली ठेवली आणि उठून गेले. त्या दिवसापासून आपला अबोला.

आपल्याकडे अबोला धरतात म्हणजे घर सोडत नाहीत, काम टाकत नाहीत. एका चुलीवर दोघी स्वयंपाक करत होतो, दिवे लागायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकत होतो. फक्त एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि एकमेकींशी बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मध्ये कुणीतरी लागतं. घरात तुम्ही खांबाशी बोलायचात, "खांबा, मीठ संपलंया म्हणावं." मळ्यात आपली चंद्री म्हैस होती. तिला इतके निरोप सांगितले गेले की ती बोलायला शिकली असती तर दरबारात वकील झाली असती. सुशीला तर त्याचा खेळच झाला होता. "आई, काकू म्हणतीया..." असं ती मी बोलायच्या आधीच सुरू करायची.

त्यातच दुष्काळात तेरावा महिना. गुऱ्हाळाच्या ऐन दिवसांत काहिलीजवळ सांडलेल्या रसावरून माझा पाय घसरला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. कोपर मोडलं. पेठेतले हाडवैद्य इमामचाचा आले, हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. तुम्ही लगेच निखारे घेऊन शेकायला आला होतात, हे मला दिसलं होतं. चाचांनीच अडवलं. म्हणाले, "आत्ता न्हाई भाभी. ताजी सूज हाय, शेकलासा तर जास्त फुगंल." निखारे तसेच परत चुलवाणात टाकलेत, खांबालासुद्धा काही न सांगता.

कामट्या सोडल्या तेव्हा हाड सांधलं होतं, पण हात अर्ध्यावर आखडून बसला होता. धड सरळ होईना, धड वाकेना. घास तोंडाशी येईना. त्या दिवसांची लाज मला अजून आठवते, आक्का. मी भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं जेवत होते, कुणी बघू नये म्हणून. कपाळाला कुंकू डाव्या हातानं लावायचे, ते भुवईवर जायचं. जाता-येता तुम्ही पदराचं टोक ओलं करून ते पुसायचात, पुन्हा नीट लावायचात, आणि पुढं चालू पडायचात. शब्द नाही. कुंकू लावताना माझ्या तोंडाकडे बघावंच लागायचं, म्हणून तुम्ही माझ्या कपाळाकडेच बघायचात, त्याखाली डोळे असतात हे जणू तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

इमामचाचांनी हात चाचपून बघितला आणि म्हणाले, "गुळाची माणसं तुमी, तुमाला काय सांगायचं? गूळ कवा वळतोय? गरम हाय तवर. गार झाल्यावर जोर लावला तर ढेप फुटती. हाताचं बी तसंच हाय. आदी ऊब आत जाऊ द्या, मास ढिलं पडू द्या, मग जरा जरा वाकवा. झटका द्यायचा न्हाई. हिसका दिलासा तर मला परत बोलवू नगासा." हे सगळं ते माझ्या नवऱ्याला सांगत होते. पण ऐकत होतात तुम्ही, दाराआडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यात तुम्ही पोटली घेऊन माझ्यासमोर बसलात आणि चंद्रीला म्हणालात, "चंद्रे, तुज्या धाकट्या मालकिणीला म्हणावं, हात पुढं कर."

मी चंद्रीला म्हटलं, "चंद्रे, थोरल्या मालकिणीला म्हणावं, माझ्यावर उपकार नको."

तुम्ही म्हणालात, "चंद्रे, तिला म्हणावं, उपकार न्हाई. डाव्या हातानं जेवणारी बाई घरात असली की लोकं आमच्या घराला नाव ठेवत्यात."

मी हात पुढं केला. आणि त्यानंतर रोज करत राहिले. शेक दिवेलागणीच्या आत व्हायला हवा, कारण त्यानंतर आपल्याकडे विस्तव नाही. म्हणून दुपारची वेळ ठरली. आधी कोपरावर तेल लावलेलं एरंडाचं पान, त्यावर पोटली. थोडा वेळ या बाजूनं, थोडा वेळ त्या बाजूनं. कातडी लालसर झाली, आत ऊब पोचली, की पोटली बाजूला. मग एका हातानं माझा दंड धरायचा, दुसऱ्या हातानं मनगट, आणि हळूहळू तोंडाकडे दाबत न्यायचं. दुखायला लागलं की तिथंच थांबायचं, सोडायचं नाही, पुढंही ढकलायचं नाही. मग घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. तुमच्यासारखी तापट बाई इतका वेळ न बोलता, न हलता, एक हात धरून बसू शकते हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

आणि मग तो खडखड्याचा दिवस.

त्या दुपारी तुम्ही नुकतीच पोटली ठेवली होती. रस्त्यावरून आरोळी आली की महाराजांचा खडखडा, ती त्यांची घोड्यांची गाडी, येतोय. झालं! गुळव्यानं झारा टाकला, गडी घाण्याचे बैल सोडून पळाले, सुशी पळाली, आणि कुणाला काय सुचलं कोण जाणे, चंद्रीचं दावं धरून तिलाही रस्त्याकडे घेऊन गेले, तिनंही महाराज बघावेत म्हणून! चुलवाणाशी उरलो आपण दोघी. मध्ये बोलायला माणूस नाही, म्हैस नाही. खांबसुद्धा नव्हता, गुऱ्हाळाच्या त्या बाजूला नुसती चिपाडांची रास.

तुमचं लक्षही रस्त्याकडे लागलं होतं, तोंड तिकडे, हात इकडे. वाळू त्या दिवशी जास्त तापली होती आणि पान बाजूला सरकलं होतं. मला चटका बसला. मी म्हणणार होते, पण कुणाला म्हणणार? आधी बोलणारी हरली, हे आपल्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. मी चिपाडांकडे बघून तोंड उघडलं आणि परत मिटलं. चिपाडाला काय सांगायचं? भाजत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही म्हणतात, तशातली मी.

करपल्याचा वास आला तेव्हा तुम्ही वळलात. पोटली फेकलीत. कोपरावर हा भला फोड. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत, सरळ डोळ्यांत, आणि ओरडलात, "भाजतंय का न्हाई तुला? भाजतंय म्हणायला काय झालं? तोंडाला बी कामट्या बांधल्या व्हत्या काय?"

मी रडत रडत म्हटलं, "तुमीच बोलत नव्हतासा!"

"मी थोरली हाय! थोरलीनं पयलं बोलायचं व्हय गं?"

"मग आता कोण बोललं?"

त्यावर तुम्ही जी हसायला लागलात ती फोडावर लोणी लावेपर्यंत हसतच होतात. माणसं महाराजांना बघून परत आली तर आपण दोघी राखेत बसून हसतोय आणि रडतोय. माझे दीर सुशीला म्हणाले, "तुज्या आईला येड लागलंया." तुम्ही लोकांना सांगताना नेहमी माझं नाव घेऊन म्हणायचात, चंपीनंच आधी तोंड उघडलं. खोटं, आक्का. आधी तुम्ही बोललात. ते आज तरी कबूल करा.

त्यानंतर तुम्ही पोटली आधी स्वतःच्या गालाला लावायला लागलात. हाताला कष्टानं घट्टे पडलेत, हाताचं खरं मानू नये, म्हणायचात. गालाला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे, मग माझ्या कोपराला, आणि वर विचारायचं, "भाजतंय का गं?" दरवेळी. वर्षानुवर्षं. मी कंटाळून "न्हाई वो" म्हणायची. तो प्रश्न इतक्यांदा ऐकला की एक दिवस तो ऐकू येणार नाही हे मनातसुद्धा आलं नाही.

आणि ती वाळू! तो वाद तर तुम्ही अर्धाच टाकून गेलात. शेक झाला की तुम्ही पोटली सोडून वाळू एका फळीवर पसरायचात. मला चाचांनी हात हलता ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मी बोटानं त्या वाळूत अक्षरं गिरवायची. सुशी शेजारी येऊन बसायची. बघता बघता तीही गिरवायला लागली. ग, म, भ, न. गुऱ्हाळ संपेपर्यंत पोरगी स्वतःचं नाव लिहायला लागली, पुढच्या गुऱ्हाळात बुक वाचायला लागली. तुम्ही शेजारी बसून चिपाडं रचत होतात आणि तुम्हाला काही दिसतच नव्हतं.

मी पुढं कितीदा विचारलं, "आक्का, ती वाळू तुम्ही मुद्दाम पसरत होतासा ना?"

"मुद्दाम कशाला? गार व्हायला पसरत व्हते."

"उद्या परत तापवायची वाळू आज गार कशाला करायची?"

"निखारा ऱ्हायला असला तर चिपाडाला आग लागंल की! शाळा शिकलीस, एवढं कळत न्हाई व्हय?"

पण वाळूत निखारा कसा येईल, आक्का? आणि फळी रोज झाडून कोण ठेवायचं? मी नव्हते ठेवत. सुशी गारगोटीला दिली, तिथं बाजाराच्या दिवशी दुकानांच्या पाट्या वाचत जाते आणि दुकानदाराची चूक झाली तर तोंडावर सांगते, हे ऐकून तुमच्या तोंडावर जे हसू यायचं, ते गार वाळूचं नव्हतं. तरी तुम्ही कबूल केलं नाहीत. आणि ते दुसरं, परातीत हात ठेवून बोललेलं, तेही कधी मागं घेतलं नाहीत. मी वाट बघितली. खरं सांगते, फार वाट बघितली. मूल झालं नाही याचं दुःख मला होतंच, ते तुमच्यामुळं झालं नव्हतं. पण तुमच्या तोंडून ते ऐकलं होतं आणि तुमच्याच तोंडून ते पुसलं जावं असं वाटत होतं. तुम्ही नुसता शेक देत राहिलात.

माझा हात तोंडापर्यंत पोचला त्या दिवशी तुम्ही गुळाचा खडा माझ्या बोटांत दिलात आणि म्हणालात, "घाल तोंडात. तुज्या हातानं." काही दिवसांनी कपाळापर्यंत पोचला. मानेमागं मात्र कधी पोचला नाही. म्हणून माझी वेणी तुमच्याकडे आली ती शेवटपर्यंत. रोज सकाळी मी पाठ करून बसायची आणि तुम्ही विंचरता विंचरता सगळ्या पेठेच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायचात. गुऱ्हाळ लागलं की दुपारचा शेक ठरलेला, दुखो न दुखो. एकदा मी म्हटलं, "यंदा दुखत नाही, राहू द्या." तुमचं तोंड एवढंसं झालं. मी लगेच म्हटलं, "थोडं दुखतंय." तुम्ही पाटी काढायला धावलात.

शेवटच्या आजारात उलटं झालं. तुमची पाठ धरली होती, खोकल्यानं बरगड्या दुखत होत्या. मी वाळू तापवून आणली, गालाला लावून बघितली, तुमच्या पाठीला लावली. "अजून गरम कर," म्हणालात. "भाजंल आक्का." "भाजू दे. थंडी आतनं हाय." ऊन खिडकीतून तुमच्या पायांवर आलं होतं. मला वाटलं, आता विचारावं. नुसतं म्हणावं, आक्का, ते तेव्हाचं... मी पोटली पाठीवर इकडून तिकडे सरकवत राहिले. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "बोल की. तोंडाला कामट्या बांधल्या व्हय?"

मी म्हटलं, "काही नाही. वाळू गार झाली, बदलून आणते."

बदलून आणली तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. त्यानंतर तुम्ही नीट शुद्धीवर आला नाहीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात तीन दगडांवर पाणी तापवलं होतं. घरातल्या बायकांनी तुम्हाला न्हाऊ घालायचं होतं. तांब्या माझ्या हातात दिला. मी भरला आणि उचलला, आणि माझा हात आपोआप वर गेला, तुम्ही इतकी वर्षं वाकवलेला हात, पार गालापर्यंत. तांब्या गालाला लावला. कढत होता. मी गार पाणी मागितलं. सुशी रडत म्हणाली, "काकू, आईला आता काय भाजतंय?"

मी तिचं ऐकलं नाही. गार पाणी मिसळलं, पुन्हा गालाला लावून बघितलं, तुमच्या खांद्यावर धार धरली आणि विचारलं, "भाजतंय का वो, आक्का?"

तुम्ही बोलला नाहीत. या खेपेचा अबोला तुम्ही धरलात, आक्का, आणि मध्ये बोलायला म्हैससुद्धा ठेवली नाहीत.